नवरीच्या गाडीतला झोळ

चावी मी खिशात टाकली आणि वर्षाला सांगितलं, "ही गाडी आता इथून हलणार नाही."

"काका, असं नका करू ना. रविवारी माझं लग्न आहे."

"म्हणूनच हलणार नाही."

पिकअप जॅकवर चढवलेली होती. पुढचं डावं चाक हवेत लोंबत होतं. मी वर्षाला खाली वाकायला लावलं आणि चाकाच्या आतला काळा रबरी पाईप दाखवला. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा तो ताणला होता.

"पण ब्रेक तर लागतो ना काका. एकदम टकाटक."

"तुटेपर्यंत सगळ्याच गाड्यांचा लागतो."

वर्षाचं शेत देडतलाईच्या बाजूला आहे. केळी आणि थोडा कापूस. वडिलांच्या मागे शेत तीच बघते, आणि थोरला भाऊ योगेश केळीचा व्यापार बघतो. शेतातल्या घरापासून सडकेपर्यंत यायचं तर मध्ये नाला लागतो. तिथे पिकअपचं पोट दगडांवर घासायचं, म्हणून या बाईने एका मोठ्या शहरात जाऊन गाडी उंच करून आणली. जाड स्प्रिंगा, मोठी चाकं. गाडी दिसायला झकास झाली होती, हे मीही कबूल करतो. फक्त ज्याने उंच केली त्याने ब्रेकचे पाईप जुनेच ठेवले होते.

आता हे काय प्रकरण ते सोप्या भाषेत सांगतो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा ब्रेकचं तेल चाकापर्यंत जातं. बरीचशी वाट लोखंडी नळीतून असते, कारण चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जागचा हलत नाही. पण चाक वरखाली होतं, डावीउजवीकडे वळतं. म्हणून शेवटच्या वीतभरासाठी रबराचा लवचिक पाईप लावतात. गाडी उंच केली की सांगाडा वर जातो, चाक जमिनीवरच राहतं आणि दोघांतलं अंतर वाढतं. पाईप मात्र तेवढाच राहतो. सपाट रस्त्यावर तो कसाबसा पुरतो. नाल्यात एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात लोंबलं की तो ताणतो. कधीतरी तुटतो. मग तेल बाहेर, पेडल खाली, आणि उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या ब्रेकवर नाल्यापलीकडचा उतार उतरायचा.

आणि रविवारी त्याच वाटेने वर्षा स्वतः गाडी चालवत मंडपात येणार होती. नवरी ड्रायव्हिंग सीटवर, शेजारी आई, मागे करवल्या आणि घरातली झाडून सगळी पोरं. ही तिची हौस. नवऱ्याकडच्यांनीही हसत मान्य केली होती.

योगेशला फोन लावला तर तो म्हणाला, "काका, बीच में एक तुकडा जोडून द्या ना. काम चालून जाईल."

"ब्रेकच्या पाईपाला जोड नसतो, योगेश. केळीचे घड बांधतोस तसं हे नाही."

मी स्वतः कोण ते सांगायचं राहिलं. आमचं कुटुंब मूळचं रावेरकडचं. वडील इकडे बुऱ्हाणपूरकडे कागदाच्या कारखान्यात लागले, पुढे मीही तिथेच गाड्यांच्या विभागात मेकॅनिक झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. घरी बसलो तर महिन्याभरात उषाने, म्हणजे बायकोने, हात जोडले. दिवसभर मी तिच्या मिक्सरचे स्क्रू आवळत बसायचो म्हणे. शेवटी बुऱ्हाणपुरात, लोधीपुऱ्यातल्या आमच्या घराखालीच गॅरेज टाकलं. तेव्हापासून आम्ही दोघेही सुखात आहोत.

लांब पाईप बनवून घ्यायचे तर माप घ्यावं लागतं, आणि सगळे चुकतात ते इथेच. गाडी जमिनीवर उभी असताना माप घेतात. मी चाकं पूर्ण लोंबू दिली. स्टीअरिंग आधी डावीकडे शेवटपर्यंत फिरवलं, मग उजवीकडे. जिथे अंतर सगळ्यात जास्त पडतं तिथे सुतळी धरली आणि त्यावर थोडी जास्तीची लांबी ठेवली. फार लांबही चालत नाही, टायरला घासतो. पुढचे दोन, मागचा एक, असं माप इंदूरला कळवलं. वरून स्टीलची जाळी विणलेले पाईप तिथून बसने आले. पार्सल फोडून मी ते हातात घेतले तेव्हा उषा म्हणाली, "माझ्या पाटल्या बघूनसुद्धा तुमचा चेहरा कधी असा उजळला नाही."

पाईप बसवले. सांध्यांना तांब्याची नवी वायसरं, म्हणजे चकत्या, टाकली, जुनी पुन्हा वापरायची नाहीत. मग हवा काढायची. तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल भुसभुशीत लागतं, म्हणून एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकाजवळचा निपल उघडून हवा जाऊ द्यायची. उषा पेडलवर बसली, मी खाली.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. सोड."

"सोडलं. रविवारी नवा कुर्ता घातल्यावर तुम्ही कोणाच्या गाडीखाली जायचं नाही. ऐकलं का?"

"दाब."

"आधी हो म्हणा."

मी हो म्हणालो. पेडल दगडासारखं कडक झालं. गाडी फिरवून आणली, ब्रेक मारून बघितले, पुन्हा चाकं लोंबवून, स्टीअरिंग फिरवून पाईप बघितले. कुठे ताण नाही, कुठे घासत नाही. असं काम झालं की मला फार बरं वाटतं. त्या दिवशी मी समोरच्या टपरीवर उगाचच दोन चहा प्यायलो.

मी टपरीवर असतानाच योगेश आला आणि उषाकडून चावी घेऊन गाडी घेऊन गेला. म्हणजे काय केलं, कसं केलं, हे गिऱ्हाइकाला सांगायचं राहिलं. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी वर्षाला फोन लावला. पण तिच्या दोन्ही हातांना मेंदी होती, म्हणून फोन रिंकीने उचलला. रिंकी ही योगेशची बायको, खंडव्याची. घरात सगळे तिला वहिनी म्हणतात. बोलणं हिंदीत, स्वभाव एकदम गोड.

मागे गाणी जोरात चालू होती. मी ओरडून सांगितलं, "वर्षाला सांग, तिन्ही पाईप नवे टाकलेत. पाईपात थोडा झोळ ठेवलाय. घाबरू नका म्हणावं."

"झोल? ब्रेक में झोल?"

"हो, झोळ. मुद्दाम ठेवलाय."

"जी काका," ती म्हणाली. आवाज जरा पडलेला वाटला. मी म्हटलं, मेंदीच्या गडबडीत असेल.

आता आमच्याकडे झोळ म्हणजे सैलपणा. दोरी जरा ढिली सोडली की तिला झोळ पडतो. कारखान्यात कागद एका रोलावरून दुसऱ्यावर जायचा, तिथेही आम्ही मराठी माणसं हाच शब्द वापरायचो. पण हिंदीत झोल म्हणजे गडबड, लबाडी, भानगड. माझा ळ फोनच्या आणि डीजेच्या आवाजातून पलीकडे पोचेपर्यंत ल झाला होता. मला याची काही कल्पना नव्हती. मी निवांत झोपलो.

रविवारी मी आणि उषा मंडपात लवकर पोचलो. गावाबाहेरचं लॉन होतं. नवऱ्याकडची मंडळी आधीच आली होती, फेटे बांधणं चालू होतं, सनईची कॅसेट कोणीतरी सारखी बंदचालू करत होतं. माझा कुर्ता पांढराशुभ्र होता आणि उषाची नजर त्याच्यावर होती. तेवढ्यात योगेश मोटरसायकलवरून आला. जेवणाची व्यवस्था बघायला तो पुढे आला होता. मला बघून धावतच आला आणि दोन्ही हात हातात घेतले.

"काका, टेन्शन नका घेऊ. तो झोल मी काढून टाकला."

"कसला झोल?"

"तुम्ही रिंकीला बोलले ना, ब्रेक में झोल है. रातीच टॉर्च घेऊन खाली शिरलो. बघतो त् पाईप हा असा लटकेल आहे. पुढचे दोन्ही. मी बोललो, काकाचं वय झालं, राहून गेलं असेल बांधायचं. वर ओढले अन् सोपटाने आवळून टाकले. आता हलत बी नाहीत."

सोपट म्हणजे केळीच्या खोडाची वाळलेली साल. भिजवून बांधलं की चिवट होतं. योगेशच्या घरी तार आहे, सुतळी आहे, पण काहीही बांधायचं म्हटलं की त्याचा हात सोपटाकडेच जातो. पिढ्यान्‌पिढ्या केळी बांधणारा माणूस. मी मापून ठेवलेली सगळी लांबी त्याने चार गाठींत संपवली होती. गाडी पुन्हा तिथेच आली होती जिथे मी तिची चावी खिशात टाकली होती.

तुम्ही म्हणाल, ताण आला असता तर आधी सोपट तुटलं असतं. कदाचित. कदाचितच्या भरवशावर मी ब्रेक सोडत नाही.

"गाडी कुठे आहे?"

"निघाली असंल."

वर्षाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. नाला माझ्या डोळ्यांसमोर दिसायला लागला, आणि मागे बसलेली पोरंही. मी आयुष्यात बऱ्याच गाड्यांची काळजी केली आहे, पण त्या मिनिटाला जशी भीती वाटली तशी कधी वाटली नव्हती. मग योगेशने त्याच्या आईला, सुमनताईंना, फोन लावून दिला. सुमनताई गावात शिवणकाम करतात. अर्ध्या तालुक्याचे ब्लाऊज त्यांच्या हातचे.

"भाऊ, जोरात बोला. इथं डीजे लागेल आहे."

"ताई, गाडी कुठवर आली?"

"कुठली गाडी? अंगणातच आहे. वेणी नाही झाली पोरीची. पार्लरवाली मघापासून पिनाच खोचत बसेल आहे."

त्या पार्लरवालीला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. आणि मग जिवाच्या आकांताने ओरडलो, "गाडी हलवू नका! त्यातला झोळ गेलाय! झोळ परत हवा! मी मुद्दाम ठेवला होता झोळ!"

नेमकी त्याच क्षणी सनई बंद पडली.

मंडपातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. नवऱ्याचे मामा अर्धा बांधलेला फेटा हातात धरून पुढे आले. मलकापूरचे भारदस्त गृहस्थ, मिशा जागच्या जागी.

"काय हो, कसला झोल? मुलीकडून काही झोल आहे का?"

"मुलीत नाही हो. पाईपात आहे."

"पाईपात?"

"नाही, म्हणजे होता. भावाने काढला. तो परत घालायचाय."

मामांनी योगेशकडे बघितलं. योगेशने जमिनीकडे बघितलं. उषा पुढे झाली आणि म्हणाली, "मामा, ब्रेकचं बोलतायत ते. यांना गाडीशिवाय दुसरं काही बोलताच येत नाही. या, तुम्ही फेटा पुरा करून घ्या." तिने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. लग्न त्या मिनिटाला उषाने वाचवलं, असं ती अजूनही सगळ्यांना सांगते, आणि मी नाही म्हणत नाही.

तोवर योगेशने रिंकीला व्हिडिओ कॉल लावला होता. मोबाइलवर झेंडूच्या माळा दिसल्या, मग उंच टायर, मग सुमनताईंचा चेहरा.

"आधी चावी काढा," मी म्हणालो. "हँडब्रेक ओढा. चाकांना दगड लावा. आता खाली कोण जाऊ शकेल?"

"मीच जाते की," सुमनताई म्हणाल्या. नऊवारीचा काष्टा खोचून त्या सरळ गाडीखाली बसल्या. गाडी उंच केल्याचा मला पटलेला हा पहिला फायदा. रिंकीने टॉर्च धरला. चाकामागे तो पाईप दिसला, वर ओढून सोपटाने करकचून बांधलेला. गाठ मात्र सुरेख होती.

"कात्री आहे का ताई?"

"शिवणारीला कात्री विचारता?"

"फक्त सोपट कापा. पाईपाला टोक लागू देऊ नका. तो पाईप मी मुद्दाम जास्त लांब ठेवला होता. चाक खाली लोंबलं, वळलं, की त्याला तेवढी लांबी लागते. आवळून ठेवला तर ताण येईल आणि तुटेल."

सुमनताईंचा हात थांबला. त्यांनी मोबाइलकडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही माया सोडेल होती."

कपडा शिवताना आतल्या बाजूला जो जास्तीचा काठ ठेवतात त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं, कपडा तंग झाला, तर उसवून सैल करता यावा म्हणून. बुऱ्हाणपुरात घरोघरी कापडाचं काम. हा शब्द इथल्या लहान पोराला कळतो. आणि मी इतकी वर्षं झोळ झोळ करत बसलो होतो.

"बरोबर ताई. माया सोडली होती."

"अन् आमच्या या शहाण्याने तिच्यावर टाके घालेल आहेत. थांब योगेश, घरी ये तू."

"आई, मला काय माहीत," योगेश माझ्या खांद्यावरून पुटपुटला.

कात्री चालली. एक गाठ, दुसरी गाठ. पाईप खाली आला आणि मी वळण देऊन ठेवलं होतं तसा बसला. दुसऱ्या बाजूचाही सुटला. मी रिंकीला सगळीकडून टॉर्च फिरवायला लावला. जाळीवर ओरखडा नाही, सांध्याला तेलाचा ओलावा नाही. रात्रीपासून गाडी हललीच नव्हती, हे नशीब. सुमनताई आणि रिंकी बाजूला झाल्यावर दगड तसेच ठेवून वर्षाला बोलावलं. ती अर्ध्या वेणीवर, शालू सावरत गाडीत चढली.

"पेडल दाबून धर. खाली जातं का?"

"नाही काका. एकदम कडक."

"गाडी चालू कर, पुन्हा दाब. आता स्टीअरिंग डावीकडे, शेवटपर्यंत. उजवीकडे. रिंकी, बाहेरूनच दाखव, पाईप घासतोय का टायरला?"

"नहीं काका, मस्त घूम रहा है साथ में."

"मग दगड काढा आणि वेणी पुरी करून या. नाल्यातून हळू. उंच गाडी वळणावर जास्त झुकते, वेग कमी ठेव. आणि वर्षा..."

"काय काका?"

"छान दिसतेस."

मुहूर्ताला थोडाच वेळ होता तेव्हा लॉनच्या फाटकाबाहेर हॉर्न वाजला. बँडवाले धावले, मामा फेटा सावरत धावले. पिकअप वळणावरून आत आली. हिरवी केळीची पानं दोन्ही बाजूंना बांधलेली, मागे पोरं नाचतायत, काळा गॉगल लावून वर्षा स्टीअरिंगवर. तिने मंडपाच्या कमानीसमोर ब्रेक मारला. गाडी जिथे थांबायला हवी तिथेच थांबली, जराही इकडे तिकडे नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या नवरीसाठी. मी वाजवल्या त्या ब्रेकसाठीसुद्धा. मला इतका आनंद झाला होता की मी बँडसमोर दोन पावलं नाचलोही, आणि लोधीपुऱ्यातल्या कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून ठेवला आहे.

मग वर्षा आत गेली, गाडी बंद झाली, चावी माझ्या हातात आली. मी एकदा उषाकडे बघितलं. ती पाहुण्यांशी बोलत होती. मी हळूच गाडीखाली शिरलो. मोबाइलवर बघितलेलं मी बघितलं असं मानत नाही. पाईप जागेवर होते, कोरडे होते. बाहेर आलो तर कुर्त्याच्या पाठीवर ग्रीसचा हातभर पट्टा, आणि समोर उषा.

"हो म्हणाला होतात."

"पेडल दाबताना म्हणालो होतो. त्याला काही अर्थ नसतो."

लग्नभर मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

पाठवणीला वर्षाने गाडीला हात लावून नमस्कार केला. गाडी शेतातच राहणार होती, वर्षा दर आठवड्याला शेतावर येणार होती, सगळं ठरलेलं होतं, तरी ती रडली. सुमनताई रडल्या नाहीत. त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "पुरेशी माया सोडेल आहे बाई. ताण पडला त् सरळ निघून यायचं. विचारत बसायचं नाही." मामा बाजूलाच उभे होते. त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले. मी उगाच टायरमधली हवा बघत बसलो.

त्यानंतर माझ्या गॅरेजात झोळ हा शब्द बंद झाला. काम झालं की मी माया सोडली आहे म्हणतो, आणि मी काय सांगितलं ते गिऱ्हाइकाकडून परत वदवून घेतो. त्याच्या तोंडून ते बरोबर आलं, तरच चावी देतो. वाटलं होतं, आता भानगड संपली.

मागच्या आठवड्यात इंदूरकडचा एक तरुण आला. त्याचीही उंच केलेली गाडी, तेच पाईप. मी सगळं केलं आणि सांगितलं, "थोडी माया छोड़ी है." त्याने परत म्हणून दाखवलं, अगदी शब्द न शब्द. मग दाराशी उभं राहून घरी फोन लावला, "गाड़ी ठीक है मम्मी. मिस्त्री अंकल अच्छे आदमी हैं. बस थोड़े दुखी हैं, बोल रहे थे किसी माया को छोड़ दिया."

वरच्या खिडकीतून उषाचा आवाज आला, "कोण हो ही माया?"